येतात की काय

अर्जेंटिनात लष्करी राजवट (1976–83) असतानाची एक स्पॅनिश कथा मी चेन्नईत बसून मराठीत आणत होते. रात्री दाराला कडी घालून बसलेली बाई तीन शब्द बोलते: ‘तेमो के वेंगान.’ मी लिहिलं, ‘मला भीती वाटते की ते येतील.’ अर्थ बरोबर होता, पण बाई फारच शांत वाटत होती.

भीती सांगायच्या स्पॅनिशमध्ये निरनिराळ्या वाटा आहेत. ‘तेंगो मिएदो’ म्हणजे माझ्यापाशी भीती आहे. ‘मे दा मिएदो’ म्हणजे अमुक गोष्ट मला भीती देते. आपलं ‘मला भीती वाटते’ आणि इथल्या तमिळमधलं ‘एनक्कु बयमा इरुक्कु’ यांच्याच जवळचं. भीती मला होते, मी ती करत नाही. ‘तेमो’ मात्र सरळ ‘मी भिते’. पुढचं ‘वेंगान’ हे क्रियापदाचं अजून न घडलेल्या, मनातल्या गोष्टीचं रूप. लॅटिनमध्ये अशा ठिकाणी ‘ने’ हा निषेध येई: मी भिते, न येवोत! स्पॅनिशमधून तो ‘ने’ गेला, क्रियापदाचं रूप तेवढं राहिलं.

पाणिनीच्या सूत्रानुसार (1.4.25) ज्याची भीती, ते अपादान, म्हणून त्याला पंचमी. लांडग्यांपासून भितो. पण पंचमी दूर होण्याची, आणि भिणारा तर जागचा हललेलाही नसतो. पतंजली याचा उलगडा करतो: शहाणा माणूस मनानं लांडग्यांपर्यंत पोचतो, मरण पाहतो आणि तिथून माघारी फिरतो.

‘तोल्काप्पियम’मध्ये भीतीची चार कारणं दिली आहेत: भुतंखेतं, हिंस्र जनावरं, चोर आणि चौथा ‘इरै’, म्हणजे राजा किंवा धनी. हा भाग ज्यात येतो ते ‘पोरुळदिकारम’ दामोदरम पिळ्ळै यांनी 1885 मध्ये मद्रासेत छापलं.

कथेतली बाई या चौथ्याला भिते. तिचं मन जिन्यावरच्या बुटांपर्यंत जाऊन परत येतं, पण नाव ती घेत नाही. ‘वेंगान’मध्ये कोण येणार ते फक्त प्रत्ययात आहे. मराठीलाही कर्ता गाळता येतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी ‘भीती’ खोडली, ‘वाटते’ खोडलं, ‘ते’सुद्धा खोडलं. तिच्या तोंडी तीनच शब्द ठेवले:

‘येतात की काय...’