शेपटीवाल्या विमानाचा फोटो

नगर जिल्ह्यात आकाशात घरघर झाली की पहिला अंदाज लष्कराचा असतो. शहराला लागून रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, पलीकडे के. के. रेंज. 2024 च्या पावसाळ्यात मात्र नगर, बीड, पुणे भागातल्या गावांवर रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्या आल्या आणि संशय चोरांवर गेला. लोक गस्त घालू लागले, मोबाइलवर व्हिडिओ काढू लागले. वरून जाणारा काय शोधतोय हे खालच्याला कळत नाही, म्हणून तो निदान पुरावा तरी जमवतो.

अशा पुराव्यातून खरंच काही कळू शकतं का? एका प्रकारच्या विमानाबाबत नक्की कळतं. ते जमिनीपासून शंभरेक मीटरवरून, सरळ रेषेत जातं. थोड्या वेळाने शेजारच्या रेषेवरून परत येतं, नांगरट केल्यासारखं. फोटो मोठा करून पाहिला तर बहुधा शेपटीतून मागे आलेला एक लांब दांडा दिसतो. हे विमान खनिजं शोधतंय. दांड्याच्या टोकाशी मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकक्षेत्र मोजणारं यंत्र असतं. इंजिनाच्या लोखंडाचा परिणाम टाळायला ते असं दूर ठेवतात.

हे यंत्र युद्धातून आलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाला पाण्याखालच्या पाणबुड्या विमानातून शोधायच्या होत्या. व्हिक्टर व्हॅकिए या शास्त्रज्ञाने विकसित केलेलं मॅग्नेटोमीटर त्या कामी आलं. पाणबुडीचं लोखंड सापडतं, तर खडकातलं का नाही, म्हणून 1944 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बॉयरटाउनवर त्याची भूशास्त्रीय चाचणी झाली. भारतात 1967 मध्ये अमेरिकी मदतीने ‘ऑपरेशन हार्ड रॉक’ झालं. त्यात राजस्थान, बिहार आणि आंध्रच्या काही भागांवरून विमानं फिरली. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ट्विन ऑटर हे दोन पंख्यांचं छोटं विमान अशा कामासाठी वापरलं. युरेनियम, थोरियम, पोटॅशियमचे गॅमा किरण टिपणारे स्फटिकही अशा विमानांच्या पोटात असतात. हवेत ते किरण लवकर विरतात, म्हणून इतकं खालून उडावं लागतं.

महाराष्ट्रातला ठळक दिवस म्हणजे 7 एप्रिल 2017. देशव्यापी हवाई भूभौतिक सर्वेक्षणाची सुरुवात त्या दिवशी नागपूरहून झाली. रेषांमधलं अंतर 300 मीटर, उंची साधारण 80 मीटर अशी आखणी होती. आपल्याकडच्या जुन्या वडाच्या चार-पाच पट उंचीवर हे विमान असणार, म्हणजे साध्या मोबाइलमध्येही शेपटी टिपता यावी. या मोहिमेचा भर खनिजांची शक्यता जास्त असलेल्या भूप्रदेशांवर होता. विदर्भाच्या पूर्वेकडचे जुने खडक त्यात बसतात. नगर बसत नाही.

कारण नगर जिल्हा बसाल्टवर बसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. अकोल्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या कड्यांवर हे थर पायऱ्यांसारखे मोजता येतात. ते किती जाड आहेत हे विमानातून नव्हे, भोक पाडूनच नीट कळतं. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे घेतलेल्या विंधनविवरात 338 मीटर बसाल्ट लागला, मग जुना खडक. कोयनेला तो 900 मीटरहून जाड निघाला. शिवाय बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे तो स्वतःच चुंबकीय आहे. खालच्या खडकाची कुजबुज ऐकायला जावं, तर वरचा बसाल्टच ओरडत असतो.

गंमत अशी की याच ओरडण्यातून मोठा शोध लागला. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या चुंबकक्षेत्राची दिशा खडकात गोठते. 1950 च्या दशकात लंडनच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडांमधली ही दिशा मोजली. हे खडक तयार झाले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, असं त्यातून दिसलं. खंडं सरकतात हे तेव्हा बहुतेकांना पटत नव्हतं. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पां. वा. सहस्रबुद्धे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही या खडकांच्या चुंबकत्वावर काम केलं.

मग नगरच्या आकाशातून शोधण्यासारखं काहीच नाही का? आहे, पाणी. बसाल्टमध्ये ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात साठतं. मधला घट्ट काळा पाषाण जवळजवळ कोरडा. म्हणून एका शेतकऱ्याच्या बोअरला पाणी लागतं आणि बांधापलीकडच्याचे पैसे मातीत जातात. 2013 च्या सुमारास डेन्मार्कच्या तंत्राने देशात सहा ठिकाणी हेलिकॉप्टरमधून भूजलाचा वेध घेतला गेला. त्यातलं एक ठिकाण नागपूर जिल्ह्यातलं चंद्रभागा पाणलोट क्षेत्र, तेही बसाल्टचंच. हेलिकॉप्टरखाली लटकवलेल्या मोठ्या चौकटीतून विजेचा झटका सोडायचा आणि जमिनीतून येणारा प्रतिसाद मोजायचा. ओलसर थर कोरड्या पाषाणापेक्षा वेगळा प्रतिसाद देतो.

पण नुसता नकाशा पुरत नाही. खाली पाणी कुठे आहे हे आधी कळलं, तर आधी उपसा करणाराच जिंकतो. हिवरे बाजारने बोअरमधून शेतीला पाणी घेण्यावर गावानेच बंदी घातली, पाऊस आणि विहिरी मोजून पिकं ठरवली. तिथे माहिती गावाच्या हातात होती, हा फरक महत्त्वाचा.

आपल्याकडे आकाशातून मिळालेली माहिती बराच काळ कुलपात होती. 1937 च्या विमान नियमांनी विमानातून आणि विमानतळावर फोटो काढायला परवानगी सक्तीची केली. लष्करी क्षेत्रांना 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा लागू आहे, त्यामुळे के. के. रेंजच्या आसपास कॅमेरा खिशातच बरा. हवाई चित्रं आणि नकाशेही सहज मिळत नसत. 2021 मध्ये नकाशांवरचे निर्बंध बरेच सैल झाले. डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडाराचं संकेतस्थळ सुरू झालं, त्यावर भूवैज्ञानिक सर्वेक्षणांचे आकडे नोंदणी करून पाहता येतात.

तेव्हा गावावरून असं शेपटीवालं विमान गेलं, तर फोटोबरोबर तारीख, वेळ आणि दिशाही लिहून ठेवा. ते सर्वेक्षण कुणाचं होतं आणि त्यातून काय निघालं, हे ग्रामसभेत विचारताना ती नोंद हाताशी असेल.