कलनाची पूर्वतयारी : भास्कराचार्यांचा अधिकार-विचार आणि आजचे प्रथम वर्ष

प्रास्ताविक

पदवीच्या प्रथम वर्षात कलनशास्त्रात मागे पडणारा विद्यार्थी सीमा व विकलन या नव्या संकल्पनांपाशी पोहोचण्यापूर्वीच अनेकदा पदावलींचे विस्तार, अवयव आणि त्रिकोणमितीय सूत्रे यांत अडखळतो. मुरबाड तालुक्यातील म्हसा किंवा लगतच्या शहापूर परिसरातून मराठी माध्यमात शिकून आलेल्या विद्यार्थ्याला परिभाषाही बदललेली आढळते. पूर्वतयारीचा हा प्रश्न महाराष्ट्राच्या गणितपरंपरेला नवा नाही. त्याचा येथे ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

अध्ययनाचा अधिकार

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मधील. इ. स. ११५० मध्ये सिद्ध झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चे लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय असे चार भाग मानले जातात. व्यक्त व अव्यक्त, म्हणजे अंकगणित व बीजगणित, या दोहोंत मुरलेला आणि शब्दशास्त्रातही निपुण असलेला विद्यार्थीच ज्योतिषाचा अधिकारी होय. इतर केवळ नामधारी, असा अभिप्राय गोलाध्यायात आला आहे. येथे गणिताबरोबर भाषेचीही अट घातलेली आहे, हे लक्षणीय होय.

ज्या आणि तात्कालिक गती

ही अट अनाठायी नव्हती. चंद्राची गती सतत बदलत असल्याने तिथीचा अंत अचूक काढण्यासाठी दिवसाची सरासरी गती अपुरी पडते. म्हणून भास्कराचार्यांनी ‘तात्कालिक गती’ योजली. प्रचलित कोष्टकात त्रिज्या ३४३८ असून २२५ कलांच्या अंतराने २४ ज्या दिलेल्या असतात. कोटिज्या त्रिज्येइतकी असता ज्यांतील फरक २२५, तर इष्ट कोटिज्येला किती, असे त्रैराशिक त्यांनी मांडले. ६० अंशांवर कोटिज्या १७१९. म्हणून उत्तर ११२.५ येते. प्रत्यक्षात त्या स्थानाच्या मागील फरक सुमारे ११९ व पुढील सुमारे १०६ आहे, ११२.५ ही त्यांच्या मधली, त्या क्षणाची वाढ होय. आजच्या भाषेत, ज्येचे विकलन कोटिज्या. या नियमाचे मूळ मंजुलाच्या ‘लघुमानसा’त (इ. स. ९३२) आढळते, आणि भास्कराचार्यांनी विकलनाची सर्वसामान्य उपपत्ती मांडली असे म्हणता येत नाही. तथापि त्रैराशिक व ज्या यांवर प्रभुत्व नसते तर हा विचार सुचलाच नसता. दोन कोनांच्या बेरीज-वजाबाकीच्या ज्येचे नियम ‘ज्योत्पत्ती’त आहेत. त्यांना दिलेले ‘भावना’ हे नाव बीजगणितातील वर्गप्रकृतीच्या रीतीचेच आहे. बीजगणित व त्रिकोणमिती यांचा सांधा या एका शब्दात दिसतो.

परंपरेचे जतन

चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखानुसार भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. या मठाला निकुंभ घराण्याने देणगी दिली. लेखाचा देणगीविषयक भाग जुन्या मराठीत आहे. म्हणजे पूर्वतयारीचा भार एकट्या विद्यार्थ्यावर न टाकता त्यासाठी संस्था उभी करण्यात आली. एकोणिसाव्या शतकात हा लेख एल्फिन्स्टनमध्ये शिकलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. त्याच एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन करणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी (१८१२–१८४६) ‘शून्यलब्धी’ हा कलनविषयक ग्रंथ मराठीत लिहून भाषेची अटही पूर्ण करू पाहिली.

समारोप

ज्येचे विकलन मूळ व्याख्येवरून काढताना आजही प्रथम दोन कोनांच्या बेरजेच्या ज्येचा विस्तार करावा लागतो. तो न येणाऱ्यापुढे उरते केवळ पाठांतर. प्रथम वर्षाच्या आरंभी काही तासिका विस्तार, अवयव, अपूर्णांकी पदावली व त्रिकोणमितीय नित्यसमानता यांना देणे, आणि ‘ज्या’ व ‘साईन’, ‘विकलन’ व ‘डेरिव्हेटिव्ह’ हे शब्द फळ्यावर शेजारी लिहिणे, हे कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयाला शक्य आहे. भास्कराचार्यांनी अधिकाराची अट सांगितली. तो अधिकार विद्यार्थ्याला मिळवून देणे हे मठाचे काम होते. आज ते महाविद्यालयाचे आहे.