एकदाच चालणारा आकडा

फोनवर येणाऱ्या सहा आकडी ओटीपीचा मूळपुरुष शोधत गेलं की आपण तारायंत्राच्या काळात पोचतो, तेही एका बँकवाल्याच्या दारात. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचा हा फ्रँक मिलर. तेव्हा पैसे चुकते करण्याचे हुकूम तारेने जात आणि प्रत्येक तार वाटेतल्या कारकुनांच्या नजरेखालून जाई. कुणी रक्कम बदलली, खोटीच तार ठोकली, तर? मिलरने 1882 मध्ये तारेच्या सांकेतिक भाषेचं पुस्तक छापलं. त्यात शब्दांना क्रमांक दिलेले होते. अशी पुस्तकं तेव्हा बरीच होती. मिलरची युक्ती पुढे आहे. दोन्ही टोकांना, कसल्याच क्रमात न बसणाऱ्या आकड्यांची एकसारखी यादी ठेवायची. तार करताना शब्दाच्या क्रमांकात यादीतला पुढचा आकडा मिळवायचा आणि लगेच त्यावर काट मारायची. तो पुन्हा वापरायचा नाही. हे पुस्तक पुढे विस्मरणात गेलं. कोलंबिया विद्यापीठाचे स्टीव्हन बेलोविन यांनी 2011 मध्ये ते उजेडात आणलं. तोवर या कल्पनेचा मान पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या गिल्बर्ट व्हर्नम आदींना मिळत होता.

रक्कम बदलली जाण्याची हीच धास्ती आपल्या सराफांनाही होती. हुंडीत रुपये 100 लिहिले की त्याचे निम्मे 50, त्यांची दुप्पट, असंही लिहीत. खाडाखोड करणाऱ्याला तीन ठिकाणी हात घालावा लागे.

संगणकाच्या जगात एकदाच वापरायच्या आकड्याची कल्पना लेस्ली लँपोर्ट यांच्या 1981 च्या शोधनिबंधात दिसते. नेहमीचा पासवर्ड वाटेत ऐकणाऱ्याच्या हाती लागतो, संगणकात साठवलेलाही चोरीला जातो. लँपोर्ट यांचा तोडगा मला आजही थक्क करतो. एक गुपित घ्यायचं आणि सरळ करायला सोप्या, उलट करायला अशक्यप्राय अशा गणिती क्रियेतून काढायचं. आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया. असं समजा 1000 वेळा. संगणकाकडे फक्त 1000 वं उत्तर ठेवायचं. आत जाताना माणसाने 999 वं द्यायचं. संगणक त्यावर एकदा क्रिया करतो, 1000 वं जुळलं की दार उघडतो आणि आता 999 वं जपून ठेवतो. पुढच्या खेपेला 998 वं. चोराने वाटेत ऐकलं काय किंवा संगणक फोडला काय, त्याला मिळतो तो वापरून संपलेला आकडा.

त्याच दशकात केनेथ वाइस यांच्या कंपनीने दर मिनिटाला आकडा बदलणारं खिशात मावणारं यंत्र बनवलं. मग मोबाइल आला आणि वेगळ्या यंत्राची गरज उरली नाही.

भारतात या आकड्याला घराघरांत नेलं ते रिझर्व्ह बँकेने. 18 फेब्रुवारी 2009 च्या परिपत्रकाने तिने ऑनलाइन कार्ड व्यवहारांसाठी कार्डावर छापलेल्या माहितीपलीकडची आणखी एक खूण सक्तीची केली. 1 ऑगस्टपासून ती लागू झाली. त्याच परिपत्रकात 5,000 रुपये आणि त्यावरच्या अशा व्यवहारांची सूचना ग्राहकाला तत्काळ देण्याचा आदेश होता. मला हा निर्णय फार दूरदर्शी वाटतो. अमेरिकेत आजही अनेक दुकानं कार्डावरच्या आकड्यांवरच पैसे घेतात.

मात्र मिलरपासून लँपोर्टपर्यंत सगळ्यांनी कुंपण घातलं ते चोरून ऐकणाऱ्याविरुद्ध. आताचा चोर चोरून ऐकत नाही, सरळ मागतो. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ हा संदेश महाराष्ट्रात इतका फिरला की महावितरणला ग्राहकांना सावध करावं लागलं. बँकेच्या नावाने येणाऱ्या ईमेलमधली लिंक हुबेहूब पान उघडते. तिथे भरलेला ओटीपी चोर त्याच मिनिटात खऱ्या संकेतस्थळावर वापरतो. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके, म्हणजे अॅपची, फाइल फोनमध्ये बसवली तर मागायचीही गरज नाही. ती एसएमएस वाचून परस्पर पुढे धाडते. अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेने 2016 मध्येच एसएमएसच्या वाटेबद्दल इशारा दिला होता.

ओटीपी ही आपली सही आहे. आकड्याच्या शेजारी बहुधा रक्कम आणि पैसे कुणाला जाणार ते लिहिलेलं असतं, आणि घाईत नेमकं तेवढंच वाचायचं राहतं. ‘पैसे परत मिळतील’ असं कुणी सांगत असताना आलेल्या संदेशात खात्यातून पैसे जाणार असं लिहिलेलं असेल, तर फोन तिथेच ठेवावा. पैसे मिळायला ओटीपी लागत नाही, यूपीआय पिनही लागत नाही.

आकडा तोंडातून गेलाच, तर घड्याळ महत्त्वाचं. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणून आधी बँकेला कळवून खातं बंद करायला लावायचं, तक्रारीचा क्रमांक मागून घ्यायचा आणि लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा क्रमांक लावायचा. तिथे नोंद वेळेत झाली, तर चोराने पुढच्या खात्यांत पांगवण्याआधी पैसे गोठवता येतात.