बर्फाखालचं विमान

१५ जुलै १९४२. खराब हवामान, इंधन संपत आलेलं. अमेरिकेची आठ युद्धविमानं ग्रीनलंडच्या बर्फावर उतरली. माणसं वाचली, विमानं तिथंच राहिली.

शोधणाऱ्यांना वाटलं, बर्फ झटकला की झालं! पण विमानं सुमारे ८० मीटर खाली गाडली गेली होती. १९९० मध्ये बर्फ वितळवत पोहोचले, तर बॉम्बर पार चेपलेलं. तरी मंडळी हटली नाहीत. १९९२ मध्ये एक पी-३८ खालीच सुटं करून, तुकड्यातुकड्यांनी वर काढलं. दहा वर्षं दुरुस्ती चालली, काही भाग नव्याने घातले. २००२ मध्ये 'ग्लेशियर गर्ल' पुन्हा उडालं.

मग ते जुनंच विमान का? मला विचाराल तर, हो. वासे बदलले म्हणून आजोबांचा वाडा परका होतो का?