दीड तासातलं दुसरं सुवर्ण

१ ऑक्टोबर १९८८. सोल ऑलिंपिक संपायला एक दिवस बाकी होता. शहराच्या पूर्वेला, हान नदीकाठच्या मिसारी इथल्या सरळसोट जलमार्गावर पुरुषांच्या एकेरी कयाकची १००० मीटरची अंतिम शर्यत संपली आणि फलकावर पहिलं नाव झळकलं ऑस्ट्रेलियाच्या ग्रँट डेव्हिसचं. काही वेळाने अंतिमरेषेवरचा फोटो बारकाईने तपासला गेला आणि निकाल फिरला. पहिला होता अमेरिकेचा ग्रेग बार्टन. वेळ ३ मिनिटं ५५.२७ सेकंद. डेव्हिसची ३:५५.२८. प्रत्यक्षातला फरक तर याहून कमी, सेकंदाचे पाच हजारांश. त्या वेगाने जाणारी होडी तेवढ्या काळात जेमतेम दोन सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणजे आपल्या अंगठ्याच्या रुंदीइतकी.

ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच थांबते. क्रीडा इतिहासातल्या सर्वांत निसटत्या विजयांच्या याद्यांमध्ये ती असते. पण बार्टनचा दिवस अजून संपला नव्हता. साधारण दीड तासाने त्याला पुन्हा पाण्यात उतरायचं होतं, पुन्हा १००० मीटर, पुन्हा अंतिम फेरी. आणि या वेळी होडीत तो एकटा नव्हता.

थोडं या खेळाबद्दल. रोइंगमध्ये खेळाडू पाठ पुढे करून बसतो आणि त्याची वल्ही होडीला अडकवलेली असतात. कयाकमध्ये तोंड पुढे असतं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं हातात सुटं असतं. दुहेरी कयाक, म्हणजे के-टू, जास्तीत जास्त साडेसहा मीटर लांब असते आणि तिचं किमान वजन फक्त १८ किलो. त्यात दोन धिप्पाड माणसं एकामागे एक बसतात. पुढचा माणूस लय ठरवतो आणि पायाने सुकाणू सांभाळतो. मागच्याला समोर दिसते ती फक्त जोडीदाराची पाठ. त्या पाठीच्या हालचालीवरून त्याने आपलं वल्हं अचूक त्याच क्षणी पाण्यात घालायचं, त्याच क्षणी काढायचं. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा.

आपल्याकडे बैलजोडीबद्दल जे म्हणतात तेच इथे लागू. एकाने अंग चोरलं तर दुसऱ्याच्या मानेवर भार येतो. आणि एकाने उगाच जास्त ओढलं तरी गाडी सरळ चालत नाही. के-टूमध्ये दोन बलवान माणसं बसवली की होडी दुप्पट वेगाने जाते असं नाही. लय जुळली नाही तर एकाची ताकद दुसऱ्याच्या आड येते.

आता त्या दोघांकडे पाहू. बार्टन २८ वर्षांचा. मिशिगन राज्यातल्या होमर या छोट्या गावचा. घरचा व्यवसाय वराहपालनाचा. त्याची दोन्ही पावलं जन्मतःच आत वळलेली होती. लहानपणी शस्त्रक्रिया झाल्या, तरी घोट्यांची हालचाल कायमची मर्यादित राहिली. कयाक हा फक्त हातांचा खेळ आहे असं बघणाऱ्याला वाटतं, पण प्रत्येक फटक्याला पाय रेटून कंबर फिरवावी लागते. बार्टनने त्याच पायांनी हे साधलं. त्याने मेकॅनिकल इंजिनियरिंगची पदवी घेतली होती. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याला एकेरीत कांस्य मिळालं आणि १९८७ मध्ये तो १००० मीटर एकेरीचा विश्वविजेता झाला.

नॉर्मन बेलिंगहॅम २३ वर्षांचा. खळाळत्या नदीतल्या स्लॅलम प्रकारातून तो संथ पाण्यातल्या या शर्यतींकडे आला होता. त्या दिवशी त्याची परिस्थिती विचित्र होती. आपला जोडीदार आयुष्यातली सर्वांत मोठी शर्यत आपल्याशिवाय खेळतोय. तो हरला तर खचलेला येणार, जिंकला तर दमलेला आणि हरखलेला येणार. दोन्ही परिस्थितींत त्याच्याबरोबर होडीत बसायचं होतं बेलिंगहॅमलाच. चार मिनिटांच्या अशा शर्यतीनंतर दंड, पाठ, फुप्फुसं सगळं पेटलेलं असतं आणि दीड तासात शरीर पूर्ण सावरत नाही. बार्टनला एक सुवर्ण तर मिळालंच होतं. बेलिंगहॅमच्या हातात अजून काहीच नव्हतं.

समोर कोण होतं? न्यूझीलंडचे इयन फर्ग्युसन आणि पॉल मॅक्डोनल्ड. याच जोडीने १९८४ मध्ये ५०० मीटर दुहेरीचं सुवर्ण घेतलं होतं. पण त्या ऑलिंपिकवर सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी, हंगेरी यांनी बहिष्कार टाकला होता आणि कयाकमधले दादा देश तर हेच. त्यामुळे लॉस एंजेलिसची पदकं कितपत खरी, अशी शंका कायम मागे उभी होती. सोलला सगळे परत आले. ३६ वर्षांचा फर्ग्युसन आणि मॅक्डोनल्ड यांनी आदल्याच दिवशी ५०० मीटरचं सुवर्ण पुन्हा जिंकलं. त्यांच्या मागे ०.१७ सेकंदांनी सोव्हिएत जोडी आणि तिच्या मागे हंगेरीची. शंका संपली. आता त्यांना १००० मीटरही हवं होतं.

ते मिळालं नाही. बार्टन आणि बेलिंगहॅम ३:३२.४२ मध्ये पोहोचले, न्यूझीलंडची जोडी ३:३२.७१ मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या पीटर फॉस्टर आणि केल्विन ग्रॅहम यांना कांस्य. फरक ०.२९ सेकंद, म्हणजे पाण्यावर साधारण एक मीटर सदतीस सेंटिमीटर. होडीच्या लांबीचा जेमतेम पाचवा भाग. साडेतीनशेहून अधिक फटक्यांमध्ये दोघांचे मोजकेच फटके मागेपुढे झाले असते तरी एवढं अंतर हातचं गेलं असतं.

ऑलिंपिक कयाकमध्ये अमेरिकेला त्याआधी एकही सुवर्ण नव्हतं. त्या दिवशी दोन मिळाली. नोंदींमध्ये हे असं दिसतं: ग्रेग बार्टन, एका दिवसात दोन सुवर्णपदकं. नोंद बरोबर आहे, पण तिच्यात एक माणूस कमी आहे. पहिलं सुवर्ण बार्टनचं. दुसरं दोघांचं, आणि त्यातला बेलिंगहॅमचा वाटा अर्ध्याहून कमी कसा म्हणायचा? एका दमलेल्या माणसाची लय त्याने ३ मिनिटं ३२ सेकंद मोडू दिली नाही. बार्टनचा पराक्रम त्यामुळे लहान होत नाही. एवढंच की इतिहास एकट्याच्या नावाने सांगायला सोपा जातो, म्हणून आपण तो तसा सांगतो. बेलिंगहॅमने पुढे अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीत मोठ्या पदावर काम केलं. बार्टनने १९९२ मध्ये बार्सिलोनाला एकेरीत आणखी एक कांस्य मिळवलं आणि नंतर कयाक बनवण्याच्या व्यवसायात उतरला.

ही शर्यत ऑलिंपिकमध्ये आली १९३६ साली, बर्लिनला. ऑस्ट्रियाच्या आडोल्फ काइंट्स आणि आल्फोन्स डोर्फनर यांनी तेव्हा ४ मिनिटं ३.८ सेकंद घेतली होती. सोलपर्यंत वेळ अर्ध्या मिनिटाहून अधिक खाली आली. होड्या बदलल्या, सराव बदलला. १९८०च्या दशकात स्वीडनमधून विमानाच्या पंखासारख्या वळणाचं वल्हं आलं आणि जगभर पसरलं. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाचे जाँ व्हान डेर वेस्थाउझेन आणि थॉमस ग्रीन ३:१५.२८० मध्ये जिंकले. दुसऱ्या आलेल्या जर्मन जोडीशी फरक होता ०.३०४ सेकंद. तेहतीस वर्षांनंतरही जवळपास सोलइतकाच.

ऑलिंपिकमधली ती या शर्यतीची शेवटची वेळ ठरली. २०२४ च्या पॅरिसमध्ये पुरुषांची दुहेरी ५०० मीटरची झाली, १००० मीटरची वगळली गेली. आता दीड मिनिटाच्या आत निकाल लागतो. छोट्या शर्यतीत लय लागत नाही असं नाही, पण शेवटच्या २५० मीटरला, अंगातलं सगळं संपलेलं असताना, समोरच्या पाठीवर विश्वास ठेवून वल्हं घालत राहायचं, ही परीक्षा लांब अंतराची होती.

सोलच्या त्या शर्यतीचं चित्रण कधी पाहिलंत, तर फलकावरच्या नावांकडे नंतर बघा. आधी चारही वल्ह्यांची पाती बघा. दोन होड्या, चार माणसं, एक मीटर सदतीस सेंटिमीटर. कोणती जोडी आधी विस्कटते, एवढाच प्रश्न होता.