दुःखांतील समाधान

एका वेळीं माणसाच्या मनांत एकच भाव नांदतो, अशी आपली समजूत असते. आपल्या रंगभूमीचा इतिहास मात्र उलट साक्ष देतो.

राम गणेश गडकरी यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांनीं, १९१९ सालीं, गंधर्व नाटक मंडळीनें ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग बडोद्यास केला. मद्यपी सुधाकराच्या हातून संसाराची राखरांगोळी होते आणि बालगंधर्वांची सिंधु दळण दळून दिवस काढते. प्रेक्षक डोळे पुशीत, त्याच सिंधूच्या पदांना ‘वन्समोअर’ देत आणि तळीराम येतांच हंसत. रडण्यासाठीं पुन्हा तिकीट काढणारा हा प्रेक्षक वेडा होता काय?

दोनच वर्षांनीं, १९२१ मध्यें, त्याच बडोद्यास साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून नरसिंह चिंतामण केळकर यांनीं या कोड्याचें उत्तर मांडलें. वाचक पात्राशीं समरस होतो, पण आपलें स्वत्व सोडीत नाहीं. आनंद या दुहेरी अवस्थेचा आहे. तिला त्यांनीं ‘सविकल्प समाधि’ म्हटलें.

हें उत्तर परक्याच्या दुःखापुरतें झालें. दुःख स्वतःचें असेल तर?

वळसंगास आमचे वडील दोन वर्षें अंथरुणाला खिळून होते. ते गेले त्या रात्रीं मी ढसढसा रडलों आणि कित्येक महिन्यांनीं प्रथमच गाढ झोंपलों. सकाळीं त्या झोंपेची मला लाज वाटली. आपलें प्रेम खोटें होतें कीं काय, ही शंका मीं अनेक वर्षें मनांत बाळगली.

अकराव्या शतकांत मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त दोन भावांच्या भेटीस ‘भावसंधि’ व अनेक भावांच्या मिश्रणास ‘भावशबलता’ म्हणून काव्यांत मानाचें स्थान दिलें. १९१० सालीं स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनीं एकाच गोष्टीविषयींच्या परस्परविरुद्ध भावनांना मानसशास्त्रांत नवें नांव दिलें. मनोरुग्णांत त्यांना तें लक्षण दिसलें. तथापि निरोगी माणसेंही त्यांतून सुटत नाहींत, हें त्यांनीं मान्य केलें.

हें वाचून धीर आला, तेव्हां मीं थोरल्या बहिणीस ती गोष्ट सांगितली. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “अरे, अण्णा गेले त्या रात्रीं मीही झोंपलें होतें.”

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणी दीर्घ शुश्रूषेनंतर असा सुटकेचा निःश्वास टाकला असेल, तर त्यानें स्वतःस अपराधी मानूं नये. शोक खरा होता. निःश्वासही खराच होता.