वाशीमच्या मिस्त्रींचा हुन्नर

वाशीमचा इतिहास लिहू जाणाऱ्याची लेखणी वाकाटकांच्या वत्सगुल्म राजधानीकडे आपोआप वळते. पुढे १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, १९०५ मध्ये बासिम, म्हणजेच वाशीम, जिल्हा मोडून अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत वाटला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी तो पुन्हा अस्तित्वात आला, हा सारा वृत्तान्त सरकारी दफ्तरांत नमूद आहे. ज्या हुन्नराच्या बळावर याच मुलखातला कापूस आणि सोयाबीन बाजारपेठेपर्यंत पोहोचत आला, त्या मोटारदुरुस्तीच्या विद्येविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

ही विद्या येथे विद्यालयातून आली नाही, विहिरीच्या काठावरून आली. किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला निघाला आणि विजेचे खांब दृष्टीसही न पडलेल्या शिवारांत मोटेच्या जागी डिझेलचे इंजिन बसू लागले. ते बंद पडले की ओलीत थांबे, म्हणून गावोगाव कोणी ना कोणी पाना हाती धरलाच. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समूहविकास योजनेबरोबर सरकारी जीप खेड्यापाड्यांत फिरू लागली, १ मे १९६२ पासून पंचायत समित्यांचा अंमल आला, आणि जीपमागोमाग टेम्पो, मग १९८६ चा टाटा ४०७, मग महिंद्राचे पिकअप अशी वाहने जिल्ह्यातल्या रिसोड-मालेगावच्या रस्त्यांवर दिसू लागली. विहिरीवर शिकलेले हात या गाड्यांवरही चालले.

जुने पिकअप मिसिंग मारू लागले, म्हणजे उभ्या जागी थरथरू लागले आणि चढाला धक्के देऊ लागले, की जाणता मिस्त्री प्रथम हत्यार उचलत नाही. गाडी थंडीत अडते की ओझ्याखाली, डिझेल नुकतेच कोठे भरले, हे तो चालकाला विचारतो. धूर काळा असेल तर डिझेल जास्त जाते किंवा हवा कमी पडते, निळा असेल तर ऑइल जळते, पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडते किंवा पाणी आत शिरते. मग फिल्टर पाहायचा, त्यावरील स्क्रू ढिला करून हातपंप मारायचा, आणि बुडबुडे संपून डिझेलची अखंड धार लागेपर्यंत थांबायचे. कारण पुष्कळ तक्रारी लाइनीत शिरलेल्या हवेच्याच असतात. एवढ्याने भागले नाही तर चालू इंजिनावर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून किंचित सैल करायचे. ज्या नटाने इंजिनाचा आवाज अधिक बिघडतो, तो सिलिंडर काम करीत होता. ज्याने काहीच फरक पडत नाही, आळशी तोच. त्याचे नोझल शेजारच्याशी बदलून पाहायचे: दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल, जागीच राहिला तर टॅपेट, व्हॉल्व किंवा कॉम्प्रेशन.

नैयायिक ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, तो हाच. कारण असता कार्य असणे आणि कारण नसता कार्य नसणे, या दोन्ही अंगांनी पारख केल्यावाचून निष्कर्ष काढायचा नाही. या कारागिरीला अंदाजपंचे म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. पेट्रोल जीपच्या काळीही प्लगच्या वायरी एकेक काढून हाच न्याय लावला जाई.

आता १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकाची वाहने आली आहेत. त्यांतल्या डिझेल गाड्यांच्या कॉमन रेल इंजिनांत, म्हणजे सर्व नोझलांना एकाच सामाईक नळीतून डिझेल पुरवणाऱ्या इंजिनांत, डिझेलचा दाब वातावरणाच्या हजार पटींहून अधिक असतो. तेथे चालू इंजिनावर नट सैल करणे म्हणजे कातडी भेदणाऱ्या धारेला आमंत्रण देणे होय, त्यामुळे दोष संगणकी यंत्राने वाचावा लागतो. हा बदल योग्यच आहे. परंतु कारंजा, मंगरुळपीर, मानोरा येथे जुनी पिकअप वाहने अद्याप माल वाहत आहेत आणि त्यांची नस ओळखणारे हात वृद्ध होत आहेत. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या मिस्त्रींना सन्मानाने वर्गात बोलवावे, त्यांची तपासणीची रीत त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी, आणि हे काम लांबणीवर टाकू नये.